'निगडित' म्हणजे बेडीत अडकलेलं?

उत्तरेश्वरकर: काल एकांनी लिहिलं, "निगड म्हणजे हत्तीच्या पायातली साखळी. म्हणून 'निगडित' टाकून द्या, सगळीकडं 'संबंधित' लिहा." वाचून राहवेना. अहो, 'संबंध'मध्ये तरी काय आहे? बंधच की! आणि 'संलग्न'मधलं लग्न म्हणजे चिकटलेलं. मग विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांनी पाट्या उतरवायच्या? राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पंचगंगाकाठची झोप उडते. ते जगणं त्या दरवाजांशी निगडितच आहे. 'संबंधित' म्हटलं की त्यातली पकड जाते.

शब्दप्रेमी: कालचं मीच लिहिलं. 26 वर्षं मराठी शिकवलंय. पोरं 'निगडीत' लिहितात, दीर्घ. निगडीत म्हणजे पुण्याजवळच्या निगडीत!

उत्तरेश्वरकर: मग ऱ्हस्व शिकवा की सर, शब्द कशाला मारता?

शिरोळची लेक: त्या 'संबंधित'चं कौतुक मला सांगू नका. वडील गेल्यावर सातबाऱ्याला वारस नोंद करायला गेले. खिडकीवर उत्तर, "संबंधितांना भेटा." संबंधित रजेवर. पुढच्या आठवड्यात दुसरे संबंधित, ते म्हणाले, हे माझ्याकडं नाही. गुडघे धरलेल्या आईला घेऊन चार हेलपाटे, एस्टीनं. या शब्दात माणूसच सापडत नाही.

निवृत्त कारकून: ताई, बदल्या होतात, टेबलं बदलतात. नाव छापलं तर सहा महिन्यांत परिपत्रक शिळं. म्हणून 'संबंधित' लिहितात. सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

शिरोळची लेक: नाव कुणी मागितलं? पद लिहा! "तलाठ्यांना भेटा" लिहायला काय जातं? तुम्ही खिडकीच्या आत होता, आम्ही बाहेर उन्हात.

निवृत्त कारकून: आत होतो, आणि कुणाच्या चहालाही मिंधा न होता कामं केलीत. हे ऐकून घेणार नाही. ...पद लिहायला पाहिजे, एवढं मात्र बरोबर आहे तुमचं.

शब्दप्रेमी: विषय कुठं गेला! 'बंध' माझ्या ध्यानात आला नव्हता, मान्य. पण कोल्हापुरी चप्पल 'कोल्हापूरशी निगडित' कशी? 2019च्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचेही चार जिल्हे आहेत. बेळगाव जिल्ह्यातला कारागीर कोल्हापूरला बांधलाय का?

उत्तरेश्वरकर: नावानं बांधलाय. निपाणीत शिवलेला जोडसुद्धा 'कोल्हापुरी' म्हणूनच विकावा लागतो. त्याची चूल ज्या नावावर पेटते, त्या नावाशी तो नुसता संबंधित? तुम्ही म्हणा. मी निगडितच लिहिणार, ऱ्हस्व.