छताच्या ट्रसला ८०० किलोचं एएचयू टांगायचं आहे: पर्लिन चालेल का?

प्रश्न: ट्रस (छत पेलणारी स्टीलची कैची) ६ मीटर अंतरावर, वर झेड पर्लिन (छताचा पत्रा ज्यावर बसतो ती झेड आकाराची आडवी पट्टी). एएचयूचं (एअर हँडलिंग युनिट, एसीची हवा डक्टमध्ये सोडणारं मशीन) कॅटलॉगमध्ये वजन ८०० किलो. चार रॉडवर प्रत्येकी २०० किलो धरून थेट पर्लिनला टांगलं तर?

उत्तर १: नको. झेड पर्लिन पातळ पत्र्याची असते. खालच्या फ्लँजला (आडव्या पट्टीला) लोड लटकवला की ती पिळवटते, कडेचा वळवलेला ओठ उघडतो. दोन ट्रसमध्ये आयएसएमसी (भारतीय मानकाच्या, सी आकाराच्या स्टील) चॅनेलची जोडी टाका आणि तिची टोकं ट्रसच्या नोडवरच (मेंबर म्हणजे दांडे जुळतात त्या सांध्यावर) टेकवा. नोडच्या मधे लोड आला तर खालच्या कॉर्डमध्ये (ट्रसच्या तळाच्या लांब दांड्यात) बेंडिंग येतं, त्यासाठी ती डिझाइन केलेली नसते.

उत्तर २: आधी ८०० हे कोरडं (पाण्याशिवायचं) वजन की चालू स्थितीतलं, ते बघा. कॉइलमधलं पाणी, डक्ट, पाइप, चॅनेल धरून आकडा बराच वाढतो. शिवाय चार रॉड कधीच सारखं वजन घेत नाहीत. तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोनच सगळं उचलतात असं धरा, म्हणजे प्रत्येकी निदान ४०० किलो. एम १२ (१२ मिमी) रॉड ताकदीला पुरतो, तरी मी एम १६ घेईन. प्रत्येक ठिकाणी दोन नट, नाहीतर कंपनाने ते सैल होतात. कंपन शोषणारे स्प्रिंग हँगरही लागतील.

प्रश्नकर्ता: ट्रसला वेल्डिंग करून ब्रॅकेट लावू?

उत्तर १: लोड असलेल्या मेंबरवर त्याच्या लांबीला आडवं वेल्डिंग करू नका, तापलेला भाग तेवढ्यापुरता मऊ पडतो. बोल्टेड क्लॅम्प वापरा, फ्लँजच्या दोन्ही बाजूंनी पकडणारा. एकाच बाजूचा सी-क्लॅम्प फ्लँज वाकवतो. आणि मूळ ट्रसच्या डिझाइनमध्ये टांगत्या लोडची तरतूद किती, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.