पॉमेरेनियनचे केस भादरू नका

परभणीच्या उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या पॉमेरेनियन पिल्लाचे केस मुळापासून काढावेत का, असं ताईंनी विचारलंय. कृपा करून काढू नका. त्या दाट दुहेरी केसांमुळेच (आत मऊ लव, वर लांब केस) कातडीला थेट ऊन लागत नाही, आणि एकदा भादरले की काही कुत्र्यांचे पुन्हा नीट येतही नाहीत. रोज विंचरा, सुटलेले केस निघून जातील. विंचरतानाच कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड आहे का बघा. गोचीडतापानं धडधाकट कुत्रंही खंगतं.

फिरवणं भल्या सकाळी किंवा दिवेलागणीनंतरच. आधी डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघा. चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणार.

घरात शू करतं म्हणून मारू नका हो, लेकरूच आहे ते. झोपून उठलं, खाल्लं की लगेच अंगणातल्या ठरलेल्या जागी न्या आणि झाल्याझाल्या तिथंच शाबासकी द्या. घरात आल्यावर दिली तर ती कशाची, हे त्याला कळत नाही.

कालवणात कुस्करलेली भाकरी मात्र बंद करा. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि रेबीजची लस राहिली असेल तर याच आठवड्यात देऊन घ्या.