'ट्वेल्फ्थ नाइट' (2003): व्हायोलाला निर्वासित केलं, पण विनोद वाचला का?

तिसरी_घंटा
टिम सपलनं ब्रिटनच्या चॅनल फोरसाठी केलेला 'ट्वेल्फ्थ नाइट' पुन्हा पाहिला. आजच्या काळातलं इलिरिया. जहाज फुटून तिथे पोचलेली जुळी भावंडं, व्हायोला आणि सेबॅस्टियन, भारतीय वंशाची (परमिंदर नागरा, रॉनी झुट्टी). तिथला ऑर्सिनो झालाय कृष्णवर्णीय नट चिवेटेल एजिओफोर. शेक्सपिअरच्या विनोदी नाटकाचं याहून चोख आधुनिक रूप मी पाहिलेलं नाही. मूळ नाटकात व्हायोला तोंड उघडते तीच 'हा देश कोणता?' असं विचारत. भाऊ बुडाला अशी समजूत, ओळखीचं कुणी नाही, म्हणून पुरुषी वेश. निर्वासिताची गोष्ट संहितेतच आहे, सपलनं फक्त ती गांभीर्यानं घेतली.

विंगेतून
गांभीर्यानं घेतली, तिथेच घात झाला! पिवळे मोजे घातलेला मॅल्व्होलिओ, श्रीमंत ऑलिव्हियाचा कारभारी, आला की लोकांनी लोळायला हवं. क्लोजअपमध्ये त्याची कीवच येते. फार्सला माणूस पायांसकट दिसावा लागतो. शिवाय व्हायोलाच्या वंशाला कथेत अर्थ, आणि ऑर्सिनोचा वर्ण मात्र कुणाच्या गावीही नाही. काहीतरी एक ठरवा.

तिसरी_घंटा
ठरवलंय की. नव्यानं आलेला माणूस डोळ्यांत भरतो, मुरलेला नाही. ऑर्सिनो तिथला सरदार आहे.

विंगेतून
हे तुम्ही म्हणताय. सिनेमा कुठे म्हणतो?

आडवा_पडदा
मला वेगळंच खटकतं. ऑलिव्हिया सिझारिओच्या, म्हणजे पुरुषी वेशातल्या व्हायोलाच्या, प्रेमात पडते आणि सेबॅस्टियनला सिझारिओ समजून थेट लग्न लावते. गोऱ्या बाईला दोन सावळ्या माणसांतला फरक कळेना, यावर हसायचं?

तिसरी_घंटा
अहो, तिच्या पदरी असलेला विदूषक फेस्टे झुबिन वार्ला करतो! तिला सावळी माणसं नवीन नाहीत. जुळी आहेत म्हणून फसते, बस्स. पण हा प्रश्न पडावा इतपत धोका सपलनं पत्करला, हे मला आवडतं.

विंगेतून
मग 'पिया बहरूपिया' घ्या. हेच नाटक, अतुल कुमारनं हिंदीत केलेलं, 2012 ला लंडनच्या ग्लोबमध्ये झालं. व्हायोला आपली गीतांजली कुलकर्णी. गाणी, धमाल, आणि वंशाचा प्रश्नच उद्भवत नाही.

आडवा_पडदा
उद्भवणार कसा? रंगमंचावर सगळे आपलेच. मग त्यात व्हायोला परकी कुणाला?

विंगेतून
ऑर्सिनोला! मुलगी आहे हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. तेवढं परकेपण विनोदाला पुरतं.