रि: जमिनीखालच्या स्टील पाईपच्या जॉइंटला गंज लागू नये म्हणून टेप की स्लीव्ह?
टेप स्वस्त पडते म्हणून टेपच मारू असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय, पण चाकणकडं लाईनमध्ये काळी माती लागली तर जरा थांबा राव, ती पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात भेगाळते आणि टेपला ओढून ओढून सुरकुत्या पाडते, मग आत पाणी शिरतं आणि सुटलेल्या प्लास्टिकखाली कॅथोडिक प्रोटेक्शनचा (गंज रोखायला पाईपला देतात तो) करंट नीट पोचतच नाही. थ्री लेयर पीई पाईप (बाहेरून तीन थरांचं कोटिंग, सगळ्यात वर पॉलिइथिलीन म्हणजे पीई) असेल तर इपॉक्सी प्रायमरवाली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आकसून घट्ट बसणारं प्लास्टिकचं वेष्टण) घ्या. स्लीव्हऐवजी रंगासारखी लावायची लिक्विड इपॉक्सीपण चांगली, फक्त पीईवर सहजी धरत नाही, तेवढा भाग घासून खरखरीत करावाच लागतो. आणि कोटिंगआधी स्टीलवर ग्रिटचा मारा करून साफ करायचं ते ब्लास्टिंग एसए २.५ (स्टील जवळपास पूर्ण स्वच्छ) दर्जाचं पाहिजे म्हणजे पाहिजे, वायर ब्रशवर भागवणारे कॉन्ट्रॅक्टर लय आहेत! हॉलिडे टेस्ट (कोटिंगमधली बारीक भोकं विजेच्या दाबानं शोधायची चाचणी) माती टाकायच्या आधी, तीपण स्वतः उभं राहून.