फोटोतली मागची बाजू : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, परवा एक जुना फोटो हाती लागला. मधोमध मी, चारेक वर्षांची, गाल फुगवून बसलेली. घरात तो 'रुसूबाईचा फोटो' म्हणूनच ओळखला जातो आणि दर वेळी सगळे माझ्या गालांकडे बघून हसतात. या खेपेला का कोण जाणे, नजर माझ्यावरून घसरून मागच्या भिंतीवर गेली. तिथे एक दार आहे. आई ठामपणे म्हणते, त्या भिंतीला दार कधी नव्हतंच. फोटो म्हणतो, होतं.

तेव्हापासून मला मागच्या बाजूचा नादच लागलाय. फोटोग्राफीच्या आद्य जनकांपैकी एक असलेल्या लुई दागेरनं १८३८ साली पॅरिसच्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो घेतला, तो आठवला. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश घेत राहण्याचा वेळ, काही मिनिटांचं, त्यामुळे चालती माणसं, धावत्या गाड्या, काही म्हणता काही उमटलं नाही. उमटला तो कोपऱ्यात बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक माणूस. दागेरला रस्ता हवा होता. आपण मात्र आजही त्या माणसाला शोधत बसतो.

तर ज्यासाठी काढला ते सोडून भलतंच काही तुम्हाला एखाद्या फोटोत सापडलं असेल, किंवा फोटोनं तुमची आठवण खोटी पाडली असेल, तर लिहा. मोठं-छोटं कसंही.

*

माझे आजोबा डावखुरे होते, असं आम्ही नातवंडं समजत होतो. पुरावा म्हणजे त्यांचा तरुणपणचा एकमेव फोटो : घड्याळ उजव्या मनगटावर, पेन उजवीकडच्या खिशात. माझा मुलगा डावखुरा निघाला तेव्हा 'पणजोबांवर गेला' म्हणून कौतुकही झालं. मग एका शिवणकाम जाणणाऱ्या काकूंनी फोटो बघून विचारलं, "यांच्या शर्टाची बटणं बायकांच्या बाजूला कशी?" झालं! छापताना निगेटिव्ह उलटी पडली होती. आरशासमोर धरला तर आजोबा सरळ झाले, आणि जरा अनोळखीही वाटायला लागले.

अमेरिकेतला कुप्रसिद्ध बंदूकबाज गुंड बिली द किड, त्याचंही हेच झालं होतं. टिनटाइपमध्ये, म्हणजे थेट पत्र्यावर घेतलेल्या फोटोत, चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, आणि त्या एका फोटोवरून तो डावखुरा असल्याची दंतकथा कित्येक वर्षं चालली.

*

लहानपणी मला वाटायचं, आईच्या तरुणपणी सगळं जगच तांबूस होतं. कोणी हसू नका.

पुढे कळलं की त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो आणि लाली मागे उरते. मावशीच्या लग्नातला तिचा पोशाख निळा होता की जांभळा, यावरून दोघी बहिणी अजून भांडतात. फोटो साक्षीला बोलवून उपयोग नाही, तोच म्हातारा झालाय.

*

रंगावरून आठवलं. जुन्या फोटोंत आकाश कोरं पांढरं दिसतं, म्हणून 'किती निरभ्र दिवस' असं लिहू नका. सुरुवातीला फिल्मऐवजी ज्या काचांवर फोटो घेत, त्यांच्यावर निळा प्रकाश फार लवकर उमटायचा. ढग असले तरी आकाश पार उजळून जायचं. फ्रेंच फोटोग्राफर गुस्ताव ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्राची गाजलेली चित्रं केली, त्यांतल्या काहींत समुद्र एका निगेटिव्हचा आणि आभाळ दुसऱ्याचं.

*

मी सात वर्षं दर महिन्याच्या एक तारखेला खिडकीतून एकाच झाडाचा फोटो काढतोय. पहिली दोन वर्षं मला वाटत होतं की हे सोपं आहे.

तिसऱ्या वर्षी फोन बदलला आणि झाड एका महिन्यात आक्रसलं. नव्या फोनची भिंग जास्त रुंद पट्टा घेत होती, एवढंच. तोवरची तुलना गेली पाण्यात. मग जरा वाचलं. एकाच जागेवरून पुन्हा फोटो घेणारे भूगर्भशास्त्रज्ञ जागा कशी शोधतात? जवळची एक खूण आणि लांबची एक खूण जुन्या फोटोत एकमेकींशी कशा जुळल्यात ते बघायचं, आणि त्या तशाच जुळेपर्यंत आपण सरकत राहायचं. आता मी खिडकीच्या गजाचं टोक समोरच्या छपराच्या कोपऱ्याला टेकवतो. वेळ मात्र सावलीवरून ठरते. घड्याळात तीच वेळ असली तरी उन्हाळ्यातली आणि हिवाळ्यातली सावली वेगळी.

अलास्कातल्या म्युअर हिमनदीची जोडी नक्की बघा. पहिला फोटो ऑगस्ट १९४१ चा, विल्यम फील्ड यांचा. दुसरा ब्रूस मोल्निया यांनी ऑगस्ट २००४ मध्ये त्याच जागेवरून घेतलेला. पहिल्यात बर्फ, दुसऱ्यात पाणी आणि हिरवे डोंगर. मधल्या काळात हिमनदीचं तोंड सुमारे १२ किलोमीटर मागे गेलं. मला सगळ्यात आवडलं ते दोन्हीकडे ऑगस्टच असणं. नाहीतर 'हिवाळ्यात बर्फ असणारच' म्हणायला लोक मोकळे!

माझ्या झाडाची गोष्ट त्यामानानं किरकोळ. गेल्या मे महिन्यात ते पडलं. मी एक तारखेला अजून फोटो काढतो. बायको विचारते, कशाचा?

*

कृपा करून फोटोच्या मागे नावं लिहा हो! आमच्या आत्या गेल्या आणि त्यांच्यासोबत दीडशे फोटोंतली नावं गेली. एकाच्या मागे एवढंच आहे : "आपली सगळी मंडळी". कुठली आपली?

मऊ पेन्सिलीनं, कडेला, दाब न देता. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं. गुळगुळीत कागदावर पेन्सिल चालत नाही, तिथे आधी पाकिटावर लिहून मग फोटो आत ठेवा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, मी तीन फाडलेत.

लुईस हाइन १९०८ पासून अमेरिकेतल्या बालमजुरांचे फोटो काढत हिंडले. स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून मुलांची उंची मोजायचे आणि वय, काम गुपचूप वहीत टिपून घ्यायचे. ते टिपण नसतं, तर ती नुसती कळकट पोरं राहिली असती.

*

आणि मोबाइलमधल्या फोटोंचं काय? आमच्या जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी काढली की तारीख पहिल्या दिवसावर यायची. त्यामुळे आमच्या संगणकात मुलीची चार वर्षं एकाच १ जानेवारीला घडली आहेत. मेसेजमधून आलेल्या फोटोंना तर जन्मतारीखच नाही. दात पडलेत की आलेत, यावरून क्रम लावतेय.

*

सगळे फोटोवर फारच विश्वास टाकताय. ब्रिटिश फोटोग्राफर रॉजर फेंटन यांचे १८५५ मधले क्रिमियाच्या युद्धाचे दोन फोटो बघा. रस्ता तोच, पण एकात तोफगोळे वाटेवर विखुरलेत, दुसऱ्यात वाट मोकळी. स्टालिनशेजारी कालव्याकाठी चालणारा, त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह मर्जीतून उतरला आणि पुढे फोटोतूनही गेला. त्याच्या जागी पाणी रंगवलं.

आमच्या घरीही एका फोटोतून एक माणूस कापलेला होता. खांद्यावर फक्त बोटं. त्यावर आम्ही भावंडांनी काय काय रचलं होतं! भाऊबंदकी, पैसा, एक फसलेलं प्रेमही. गेल्या वर्षी निगेटिव्ह सापडली, पुन्हा छापली, नव्वदीच्या काकांना दाखवली. ते म्हणाले, "अरे, हा माझा मित्र. भांडण कसलं? फ्रेम लहान होती."

*

धागाकर्ती परत. फ्रेमवाल्या काकांना दंडवत.

तुमचे प्रतिसाद वाचून मी तो फोटो मोठा करून आईला पुन्हा दाखवला. तिनं चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे दार नव्हे, आपलं मोठं कपाट आहे. भिंतीला लावून ठेवलेलं." मी म्हटलं, कडी दिसतेय बघ. ती म्हणाली, कपाटालाही कडी होती.

आता भिंग घेऊन बिजागऱ्या शोधतेय.