घरचे टॉवर भरले नाहीत आणि कंपनी निघाली आफ्रिकेला

तापीकाठ (जळगाव):
एसएमई प्लॅटफॉर्मवरच्या (छोट्या कंपन्यांच्या शेअर बाजारातल्या) एका छोट्या वायरलेस ब्रॉडबँड कंपनीचे दोन लॉट, म्हणजे शेअरचे ठरलेले गठ्ठे, माझ्याकडे आहेत. नाव सांगत नाही, उगाच कुणी घ्यायला नाहीतर विकायला धावेल. टॉवरवरून गच्चीवरच्या डिशला इंटरनेट देतात. आता म्हणे पूर्व आफ्रिकेत जाणार आणि त्यासाठी नवे शेअर काढणार. मला पटत नाही. अहवालात एकूण ग्राहक दिलेत, पण एका टॉवरमागे किती, ते कुठेच नाही. या धंद्याचा जीव तर त्याच आकड्यात आहे. टॉवरचं भाडं, वीज, बॅटरी, मागून येणारी फायबर लाइन, हा खर्च दहा गिऱ्हाइकांना जेवढा तेवढाच जवळपास शंभरांना. इथलेच टॉवर अर्धे रिकामे असतील तर तिकडे आणखी रिकामे कशाला उभारायचे?

भुसावळ जंक्शन:
भाऊ, टॉवर रिकामे का आहेत ते बघा ना. ऑगस्ट 2023 मध्ये एअरटेलने आणि सप्टेंबरमध्ये जिओने एअरफायबर, म्हणजे टॉवरवरून घरी बिनवायरचं इंटरनेट, आणलं. त्यांच्याकडे सरकारकडून विकत घेतलेलं स्पेक्ट्रम, म्हणजे फक्त त्यांच्यासाठी राखलेल्या रेडिओ लहरी. छोट्याच्या हाती 5 गिगाहर्ट्झचा बिनपरवान्याचा पट्टा, त्यात शेजाऱ्याचा राउटरसुद्धा गोंधळ घालतो. इथे बसून राहिली तर कंपनी हळूहळू मरेल. मोठे जिथे पोचले नाहीत तिथे जाण्यात गैर काय? आपलं ठिबक नाही का गेलं जगभर? जळगावच्या जैन इरिगेशनने 2007 मध्ये इस्रायलच्या नानदान या सिंचन कंपनीत निम्मा हिस्सा घेतला, 2012 मध्ये उरलेला.

धुळेकर:
गोष्ट अर्धीच सांगितलीत, आप्पा. 2019 मध्ये त्याच कंपनीचे कर्जाचे हप्ते थकले. 2023 मध्ये परदेशातला सिंचनाचा धंदा रिवुलिस या दुसऱ्या सिंचन कंपनीत विलीन करून कर्जाचा भार हलका करावा लागला. माल खोटा नव्हता, मागणीही होती. कर्ज नडलं.

भुसावळ जंक्शन:
मान्य. पण त्या व्यवहारात रिवुलिसमधला हिस्साही हाती आला, तोही धरा. शिवाय ही कंपनी कर्ज नाही, भांडवल उभारतेय. हप्ता थकायचा प्रश्नच नाही.

तापीकाठ:
म्हणजे हप्ता कंपनीऐवजी मी भरायचा! नवे शेअर आले की माझा वाटा पातळ होणार. बरं, हे लॉटचे शेअर. गिऱ्हाईक नसलं की विकायचे म्हटले तरी विकत नाहीत.

केळीवाला (यावल):
मला बाजारातलं फार कळत नाही, पण आमच्या वस्तीवर असलंच कनेक्शन आहे, दुसऱ्या कुणाचं. टॉवर आणि आमच्या गच्चीच्या मध्ये एक निंब आहे. फाल्गुनात पानं गळाली की स्पीड झकास. चैत्रात पालवी फुटली की व्हिडिओ गोल गोल फिरतो. डिश सरकवायची तर टॉवरवर चढणारा पोरगा एकच, तो चोपड्याला गेला की तीन दिवस वाट बघा. हे सगळं यावलमध्ये. तिकडे कोण चढणार भो?

भुसावळ जंक्शन:
तिकडची पोरं चढतील, शिकवली की झालं. इथे दहा वर्षं निंबाशी झगडलेली कंपनीच ते शिकवू शकते. तुम्ही ज्याला रड म्हणता तोच तिचा अनुभव आहे.

धुळेकर:
निंब सोडा, चलनाचं बोला. अँटेना, रेडिओ डॉलरमध्ये घ्यायचे आणि बिल शिलिंगमध्ये वसूल करायचं. एअरटेलने 2010 मध्ये कुवेतच्या झैन या मोबाइल कंपनीचा आफ्रिकेतला धंदा 10.7 अब्ज डॉलरला घेतला. ग्राहक वाढतच गेले. तरी जून 2023 मध्ये नायजेरियाने आपल्या नायरा या चलनाचा दर मोकळा सोडला, नायरा कोसळला आणि एअरटेल आफ्रिका त्या आर्थिक वर्षात तोट्यात गेली. त्यांनी तो धक्का पचवला. दोन लॉटवाल्या भाऊंची कंपनी एवढा धक्का किती महिने सोसेल?

भुसावळ जंक्शन:
हा मुद्दा खरा आहे. एकाच देशात, आधी वीस-तीस टॉवर, एवढंच असेल तर मी पैसे घालीन. एकदम दोन देश म्हणत असतील तर मीही थांबेन.

तापीकाठ:
एक लॉट काल विकायला लावलाय, अजून कुणी घेतलेला नाही. सर्वसाधारण सभेसाठी प्रश्न पाठवला: एका टॉवरमागे ग्राहक किती, आणि दरमहा सोडून जातात किती?

केळीवाला (यावल):
उत्तर आलं की इथे टाका. आणि जमलं तर निंबाच्या दोन फांद्या छाटायला कुणाची परवानगी लागते तेही विचारा. झाड शेजाऱ्याचं शे, आणि तो मन्हाशी बोलत नही.