लघवी व्यवस्थित होते, तरी पोटॅशियम वाढलं कसं?

करवीरकर:
मंडळी एक विचारायचं होतं. आमचे आण्णा, वय ६७, बीपीची टेल्मिसार्टन बरीच वर्षं चालू आहे. परवा रिपोर्ट आला त्यात क्रिएटिनिन (किडनी नीट गाळते का ते सांगणारा आकडा) १.९ आणि पोटॅशियम ५.७, दोन्ही जास्त. डॉक्टरांनी शहाळं बंद सांगितलं, लो सोडियम मीठ पण बंद, वर सोड्याच्या गोळ्या लिहून दिल्या. आण्णा म्हणतात लघवी साफ होते, पायाला सूज नाही, मग किडनीला काय धाड भरलीय? शहाळं तर बीपीला चांगलं म्हणून आम्हीच रंकाळ्यावरनं फिरून येताना रोज पाजत होतो ओ.

लॅबवाला_शाहूपुरी:
लघवी किती होते यावर जाऊ नका, तिच्यातनं काय बाहेर पडतंय ते बघायचं असतं. किडनी दिवसाला साधारण १८० लिटर गाळते आणि त्यातलं ९९ टक्के पाणी परत रक्तात घेते, आपल्याला दिसते ती उरलेली दीड-दोन लिटर. किडनी दमली तरी पाणी निघत राहतं, पोटॅशियम आणि आम्ल मात्र मागं साचतं.

खाण्यातलं बहुतेक पोटॅशियम किडनीच टाकते. किडनीतल्या बारीक नळीच्या शेवटच्या टप्प्यात सोडियम परत रक्तात ओढलं जातं आणि त्या बदल्यात पोटॅशियम लघवीत सोडलं जातं, हे अल्डोस्टेरॉन या हार्मोनच्या हुकमावर चालतं. आता टेल्मिसार्टन बीपी उतरवताना ते हार्मोन पण कमी करते, म्हणून पोटॅशियम अडकू शकतं. गोळी मनानं बंद करू नका हां, ती किडनीला जपते पण. लो सोडियम मिठात पोटॅशियम क्लोराईड मिसळलेलं असतं, धडधाकट माणसाला चालतंय, आण्णांना नाही.

करवीरकर:
आणि सोडा? ॲसिडिटी तर नाही त्यांना.

सिस्टर_ताई:
पोटातल्या ॲसिडिटीचा संबंध नाही दादा. मटण, अंडी, डाळी पचताना आम्ल तयार होतं. फुफ्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, पण हे आम्ल किडनीलाच काढावं लागतं, ती ते अमोनियाला जोडून लघवीत सोडते आणि बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारा रक्तातला क्षार, वाचवते. ते जमेना झालं की रक्तातलं बायकार्बोनेट २२ च्या खाली जातं, आणि आम्ल वाढलं की पेशींमधलं पोटॅशियमही रक्तात उतरू शकतं, सोड्याची गोळी म्हणजे बायकार्बोनेटच, म्हणून एका गोळीत दोन कामं. फक्त त्यात सोडियम असतं, बीपी आणि सुजेवर लक्ष ठेवा. ईसीजी काढला का? पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

तांबडा_रस्सा:
पांढरा रस्सा तरी चालतोय का नाही? 😀

सिस्टर_ताई:
त्यात नारळाचं दूध, म्हणजे परत पोटॅशियम. वाटीभर कधीतरी, तेही डॉक्टरांना विचारून. बटाटा मात्र चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं, आमटीत घालू नका.

करवीरकर:
ईसीजी काढलाय, नॉर्मल आहे. पोटॅशियम पुढच्या आठवड्यात परत तपासायला सांगितलंय. मीठ आजच बदलतो, शहाळ्याचं आण्णांना तुम्हीच सांगा 🙏